एका छताखाली माणसं किती?

"शेतकी खातं घर देतंय म्हणतेस, मग सातबारा कुणाच्या नावावर निघायचा?"

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा मी टेबलावर पगाराच्या पावत्या, टॅक्स रिटर्न आणि बँकेची स्टेटमेंटं मांडून बसले होते. सातबारा इथे नसतो, एवढं मला माहीत होतं. पण अमेरिकेच्या शेती खात्याचा आमच्या घराशी काय संबंध, हे मलाही तेव्हा धड कळलेलं नव्हतं. २०२४चा जुलै होता. फ्लोरिडातल्या लेक काउंटीत, क्लेरमॉन्टच्या दोन बेडरूमच्या भाड्याच्या घरात आम्ही पाच माणसं राहत होतो. भाडं १,९५० डॉलरवरून २,१५० होणार असल्याची चिठ्ठी दारावर चिकटवून गेले होते.

आम्ही आयटीतले नाही, हे आधीच सांगून टाकते. अमेरिकेतला मराठी माणूस म्हटलं की लोक लॅपटॉप आणि एच-वन व्हिसा गृहीत धरतात. आमच्या वन्संनी २००३ साली धाकट्या भावासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला आणि २०१७ साली आमचा नंबर लागला. मधल्या काळात आमचं लग्न झालं, दोन मुलं झाली. हे एसी दुरुस्तीच्या कंपनीत आहेत; संभाजीनगर औरंगाबाद होतं तेव्हा तिथल्या आयटीआयमधून शिकलेले. मी लॅब टेक्निशियन. दुसऱ्यांच्या रक्ताच्या बाटल्यांवर नंबर लावणं हे माझं काम. थोरला सोळाचा, धाकटी तेराची. सासरे गेल्यावर वन्संनीच आईंसाठीही अर्ज केला आणि २०२४च्या सुरुवातीला त्या आमच्याकडे आल्या, ग्रीन कार्डावर.

शेती खात्याच्या या घरकर्जाबद्दल मला सांगितलं ते लॅबमधल्या एका क्यूबन सहकारी बाईंनी. त्यांनी स्वतः असंच घर घेतलं होतं. "डाउन पेमेंट शून्य," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं यात काहीतरी काळंबेरं असणार. आमच्या खात्यात जेमतेम ११,००० डॉलर होते. इथे साध्या कर्जाला पाच टक्के म्हटले तरी तेवढ्यात सगळं संपतं आणि क्लोजिंगचा, म्हणजे खरेदीखताच्या वेळचा, खर्च वर उरतोच.

काळंबेरं नव्हतं. ही सोय १९४९च्या गृहनिर्माण कायद्यातून आलेली आहे. त्या कायद्याच्या कलम ५०२ खाली आज दोन वाटा आहेत. एक थेट कर्ज, अगदी कमी उत्पन्नवाल्यांसाठी, ते यूएसडीए म्हणजे शेती खातंच देतं. दुसरं हमीचं कर्ज, मधल्या उत्पन्नवाल्यांसाठी, आमच्यासारख्यांचं. यात पैसे बँकच देते. खातं बँकेला फक्त शब्द देतं की माणसाने कर्ज बुडवलं तर नुकसान भरून देऊ, मूळ कर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंत. त्या शब्दाच्या जोरावर बँक डाउन पेमेंट मागत नाही. शब्दाची किंमत मात्र आपणच मोजायची: सुरुवातीला कर्जाच्या १ टक्का, तो कर्जातच मिळवता येतो, आणि पुढे दर वर्षी शिल्लक कर्जाच्या ०.३५ टक्के, ते हप्त्यात. घर सरकारी नकाशावर 'ग्रामीण' भागात हवं, आपण स्वतः त्यात राहायचं आणि घरातलं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत हवं. एच-वनवाल्यांना हे मिळत नाही. नागरिक तरी हवं किंवा ग्रीन कार्डासारखा पक्का दर्जा तरी.

आईंना मी सोप्या भाषेत सांगायला गेले की घरकुल योजनेसारखंच आहे, आणि तिथेच फसले. त्यांच्या गावात घरकुलं मंजूर झालेली त्यांनी पाहिली होती. ग्रामसेवकाच्या खेपा, यादीत नाव येणं, पायाचा फोटो, मग हप्ता. "पण घरकुलाचं एक लाख वीस हजार परत द्यायचं नसतं," त्या म्हणाल्या, "हे तर तीस वर्षं फेडायचंय. मग कशाचं घरकुल?" यावर मी गप्प बसले. त्यांचं बरोबर होतं.

आता 'ग्रामीण' म्हणजे काय ते बघा. लेक काउंटी म्हणजे नावाप्रमाणे तळ्यांची काउंटी. लहानमोठी धरून हजाराच्या वर तळी आहेत. हॅरिस, ग्रिफिन, यूस्टिस, डोरा अशी मोठी तळी कालव्यांनी एकमेकांना जोडलेली आहेत. मध्ये मध्ये टेकड्या, ज्या फ्लोरिडात सहसा दिसत नाहीत. या टेकड्यांवर एके काळी नुसत्या संत्र्यांच्या बागा होत्या. क्लेरमॉन्टला १९५६ साली उघडलेला सिट्रस टॉवर अजून उभा आहे; बागांचा हिरवा समुद्र बघायला लोक त्यावर चढायचे. मग १९८३च्या डिसेंबरात आणि १९८५च्या जानेवारीत अशी थंडी पडली की बागाच्या बागा जळाल्या. पुन्हा लावण्यापेक्षा जमीन विकणं बऱ्याच जणांना परवडलं. आज टॉवरवरून लाल-करड्या छपरांच्या वसाहती दिसतात.

त्यामुळे यूएसडीएच्या नकाशावर क्लेरमॉन्ट रंगवलेलं आहे, आणि तिथे रंगवलेलं म्हणजे बाद. पत्ता टाकायचा, खूण रंगात पडली की संपलं. मी रात्री लॅबमधून आले की झोपण्याआधी पत्ते टाकत बसायची. कधी कधी एकाच रस्त्याची एक बाजू पात्र आणि दुसरी अपात्र निघायची. आमच्या बजेटात बसणारी आणि नकाशावर टिकणारी गावं उरली ती पश्चिमेला मॅस्कॉट, मधे हाउई आणि अ‍ॅस्टॅट्युला, उत्तरेला युमॅटिला. गंमत अशी की 'ग्रामीण' असायला तिथे शेत, गोठा, कच्चा रस्ता यातलं काहीच लागत नाही. पब्लिक्स या मोठ्या किराणा दुकानापासून सात मिनिटांवरचं घर नकाशावर ग्रामीण होतं.

खरी अडचण नकाशाने केली नाही, उत्पन्नाने केली. जास्त उत्पन्नाने.

पहिल्या कर्जसंस्थेतल्या बाईंनी आमचे कागद तीन आठवडे ठेवून घेतले आणि फोनवर सांगितलं की तुम्ही मर्यादेच्या बाहेर आहात. आमच्या भागात एक ते चार माणसांच्या घराला तेव्हा मर्यादा १,१२,४५० डॉलर होती. यांचा मूळ पगार ५४,००० आणि ओव्हरटाइम ९,००० च्या आसपास. माझे ४१,०००. शिवाय शनिवार-रविवार हे स्वतःची एसीची कामं घ्यायचे, त्याचे १०,५००. बेरीज १,१४,५००. दोन मुलांची प्रत्येकी ४८० ची वजावट केली तरी १,१३,५४०. म्हणजे १,०९० डॉलरने आम्ही श्रीमंत ठरलो होतो. हे हसले. म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याला जास्त कमावता म्हटलं."

मला हसू आलं नाही. ती १०,५०० ची शनिवार-रविवारची कामं आम्ही घरासाठी पैसे साठवायलाच सुरू केली होती.

नंतर मी शांतपणे कागद वाचले, आणि सारखा एक शब्द येत होता: हाउसहोल्ड. कर्जावर सही करणारे वेगळे, हाउसहोल्ड वेगळं. घरात कायम राहणारं प्रत्येक माणूस हाउसहोल्डमध्ये. त्या बाईंनी आम्हाला चार धरलं होतं. अर्जावर मी पाचही नावं लिहिली होती, पण आईंच्या नावापुढे त्यांनी पेन्सिलीने 'पाहुणी' असं लिहिलेलं मला परत आलेल्या प्रतीवर दिसलं. आई भारतातून आलेल्या, इंग्रजी न बोलणाऱ्या, म्हणजे सहा महिन्यांनी परत जाणार असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. पाच ते आठ माणसांच्या घराची मर्यादा १,४८,४५० होती. एका माणसाने ३६,००० डॉलरचा फरक.

हे मी घरी सांगितलं तेव्हा आई चहा गाळत होत्या. "म्हणजे मी हाये म्हणून घर मिळतंय का काय?" मी हो म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी संध्याकाळी वन्संना, नाशिकच्या बहिणीला आणि पैठणच्या भाचीला फोन झाले आणि तिन्ही फोनमध्ये हे वाक्य मी ऐकलं.

दुसरी कर्जसंस्था मी विचारपूस करून निवडली. सरळ विचारलं, गेल्या वर्षात अशी किती कर्जं केलीत? ज्यांनी आकडा सांगितला त्यांच्याकडे गेले. बऱ्याच बँका हे कर्ज देतो म्हणतात आणि मग हळूच दुसऱ्या कर्जाकडे वळवतात, कारण यात फाइल आधी बँक तपासते आणि नंतर पुन्हा सरकारी खात्याकडे जाते. वेळ जास्त लागतो. तिथल्या गृहस्थांनी आईंचं नाव मान्य केलं आणि लगेच पुढचं विचारलं: "त्यांचं उत्पन्न?"

सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आईंना कुटुंब निवृत्तिवेतन येतं, महिना २३,४०० रुपये. तेव्हाच्या भावाने साधारण २८० डॉलर. पाचवं माणूस म्हणून त्यांना मोजायचं तर त्यांची कमाईही मोजायला हवी, हे रास्त होतं. वर्षाला साडेतीन हजाराच्या आतली रक्कम. मर्यादेला धक्का लागणार नव्हता. पण पुरावा हवा. आणि पुरावा मराठीत होता. पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, पुस्तिका, त्यावर ट्रेझरीचा गोल शिक्का, शाईने दुरुस्त केलेली जन्मतारीख. बँकेचं पासबुक, ज्यात यंत्राने एकावर एक ओळी छापल्यामुळे दोन महिन्यांचे आकडे एकमेकांत मिसळले होते. भाषांतर मी करते म्हटलं तर चालेना. कर्ज माझं, भाषांतर माझं, असं कसं. शेवटी ऑर्लँडोच्या मराठी मंडळातल्या एका ताईंनी करून दिलं आणि खाली सही केली की हे अचूक आहे. 'कोषागार' आणि 'महागाई भत्ता' यांना इंग्रजीत काय म्हणायचं यावर आमचा अर्धा तास गेला. भाषांतर वाचून बँकेतून फोन आला: यात 'डिअरनेस' असं लिहिलंय, हा पैसा प्रेमापोटी मिळतो का?

थोरला संध्याकाळी पिझ्झाच्या दुकानात काम करायचा. त्याची कमाई धरत नाहीत, तो अठराच्या आतला म्हणून. त्याला हे कळल्यावर त्याने आजीला ऐकवलं, "तुझी पेन्शन मोजतात, माझा पगार नाही." आजी म्हणाली, "मग तू भाडं दे."

आता एक गोष्ट जी मला अजून पटलेली नाही. पात्रतेसाठी सगळं मोजतात: ओव्हरटाइम, शनिवारची कामं, आईंची पेन्शन. पण कर्ज किती झेपेल हे ठरवताना वेगळं गणित. तिथे फक्त सही करणाऱ्यांचं आणि टिकाऊ उत्पन्न. ओव्हरटाइमला पुरेसा इतिहास नव्हता, बाद. शनिवारचा धंदा एक वर्षाचा, बाद. आईंची सही नाही, म्हणून पेन्शन बाद. उरले ५४ आणि ४१, म्हणजे ९५,०००, महिना ७,९१७. त्याच्या २९ टक्क्यांत घराचा सगळा हप्ता बसायला हवा, कर आणि विम्यासकट, म्हणजे २,२९६ डॉलर. सगळी कर्जं मिळून, गाडीचा हप्ता धरून, ४१ टक्के. यापुढेही ताणता येतं, पण आमचा क्रेडिट स्कोअर जेमतेम होता आणि आमची बँक ताणायला तयार नव्हती. श्रीमंत ठरवताना पूर्ण खिसा उलटा करतात आणि कर्ज देताना अर्धा खिसा बघतात. मी हे त्या गृहस्थांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "सगळेच म्हणतात."

तळ्याकाठचं घर याच २,२९६ मुळे गेलं.

ते घर अ‍ॅस्टॅट्युलाजवळ, लेक हॅरिसच्या एका फाट्यावर होतं. मागे उतरता लॉन, लाकडी धक्का, पाण्यात सायप्रसची झाडं. किंमत २,७९,०००. मला वाटलं आई नको म्हणतील. त्यांचं माहेर जायकवाडीत गेलं. १९७६ साली धरणाचं उद्घाटन झालं तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. नाथसागरात शंभराहून जास्त गावं बुडाली, त्यातलं त्यांचं एक. उन्हाळ्यात पाणी आटलं की देवळाचा कळस दिसतो म्हणून भावंडं बघायला जायची, हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं. म्हणून मी त्यांना मागे नेताना उगीच सांभाळून घेत होते. त्या मात्र थेट धक्क्याच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. "हेच घ्या," म्हणाल्या. "काय वारा येतोय."

मी म्हटलं, आई, पाण्याजवळ. त्या म्हणाल्या, "बाई, गाव सरकारनं बुडवलं. पाण्यानं न्हाई."

पण घर पुराच्या पट्ट्यात होतं. फेमा म्हणजे आपत्तीचं सरकारी खातं, त्याच्या नकाशावर एई अशी अक्षरं. अशा घरावर कर्ज घ्यायचं तर पुराचा विमा सक्तीचा, नेहमीच्या घराच्या विम्याखेरीज. आकडे मांडले: कर्ज आणि व्याज १,७३५, सरकारी हमीची फी ८२, कर २६०, घराचा विमा २४०, पुराचा विमा १६५. एकूण २,४८२. मर्यादेपेक्षा १८६ जास्त. ओव्हरटाइम धरला असता तर बसलं असतं. आईंनी दोन दिवस विषय काढला नाही आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "तो विमा आपण न्हाई घेतला तर?"

शेवटी घर मिळालं ते युमॅटिलात, काउंटीच्या उत्तर भागात, १९ नंबरच्या रस्त्यापासून आत. पुढे ओकालाचं जंगल सुरू होतं. कचऱ्याचा डबा रात्री बाहेर ठेवायचा नाही, अस्वलं येतात. १९८४चं घर, तीन खोल्या, एक तृतीयांश एकराला थोडी जास्त जागा, छप्पर २०१९चं. छपराचं वर्ष मुद्दाम सांगते, कारण फ्लोरिडात आधी छप्पर विकत घ्यायचं असतं, मग घर. जुनं छप्पर असेल तर विमा कंपनी दारातही उभी करत नाही, आणि विमा नाही तर कर्ज नाही. विम्यासाठी वेगळी तपासणी होते, तिला फोर-पॉइंट म्हणतात: छप्पर, वायरिंग, नळ, एसी. एसी यांनी स्वतः आधीच उघडून पाहिला होता. तपासनिसाने दिलेल्या शेऱ्यापेक्षा यांचा शेरा लांब होता.

त्या भागात स्वस्त म्हणून ट्रेलरसारखी तयार घरंही पुष्कळ विकायला होती, १,४०,००० वगैरेला. जुनी तयार घरं तेव्हा या कर्जात बसत नव्हती, असं आमच्या बँकेने सांगितलं, तो पर्याय मिटला.

नळ कमिटीचा नव्हता, विहीर. म्हणजे बोअर, पण इथे वेलच म्हणतात. आणि मैला सेप्टिक टाकीत. दोन्हीच्या तपासण्या लागतात, विहीर आणि सेप्टिकचं शोषक्षेत्र यात फ्लोरिडात किमान ७५ फूट अंतर हवं. अंतर होतं. पण पाण्याच्या नमुन्यात कोलिफॉर्म निघाले. मी लॅबमध्ये काम करते, तो कागद वाचता येत होता, म्हणून जास्तच घाबरले. एजंट म्हणाली, घाबरू नका, विहिरीत क्लोरीन टाकतील, नळ सोडून वास येईपर्यंत पाणी खेळवतील, मग उपसून पुन्हा नमुना. मी हे घरी समजावून सांगायला लागले तर आईंनी मधेच थांबवलं. "टीसीएल टाकणार म्हण की. आमच्याकडं पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई डबा घेऊन फिरायचा." दुसरा नमुना साफ आला.

किंमत ठरली २,६०,०००. मूल्यांकन आलं २,६४,०००. इथे या कर्जाची एक चांगली बाजू कळली, जी मला आधी कुणी सांगितली नव्हती: मूल्यांकन किमतीच्या वर आलं तर मधल्या फरकाएवढा क्लोजिंगचा खर्च कर्जातच घालता येतो. आम्ही ४,००० असे घातले. विकणाऱ्याकडूनही काही खर्च उचलून घेता येतो. आमच्या म्हाताऱ्या विकणाऱ्यांनी ३,५०० दिले. हमीची फी धरून कर्ज झालं २,६६,६६७. व्याज सव्वासहा टक्के, ३० वर्षं, दर बदलणार नाही. सगळं मिळून महिना २,१७०. भाड्यापेक्षा वीस डॉलर जास्त.

बँकेने होकार दिला आणि फाइल शेती खात्याकडे गेली. तिथून कंडिशनल कमिटमेंट नावाचा, हमीच्या सशर्त होकाराचा, कागद आल्याशिवाय क्लोजिंग होत नाही. तो यायला आठ दिवस लागले, आला २ ऑक्टोबरला. क्लोजिंग १८ ऑक्टोबर ठरलं. आम्ही खोकी भरायला घेतली. ९ तारखेच्या रात्री मिल्टन आलं.

वादळ सिएस्टा कीला किनाऱ्यावर चढलं आणि रात्रभरात राज्य ओलांडून पहाटे अटलांटिकात उतरलं. आमच्याकडे वाऱ्यापेक्षा पाऊस वाईट होता. क्लेरमॉन्टच्या घरात वीज गेली, भरलेली खोकी मधल्या पॅसेजमध्ये रचून आम्ही पाचही जण तिथेच बसलो. आईंनी रामरक्षा म्हटली, थोरल्याने मोबाइलवर वादळाचा डोळा कुठे आहे ते सांगत राहायचं काम केलं. माझ्या डोक्यात एकच, ते २०१९चं छप्पर. अजून आमचं नसलेल्या घराची एवढी काळजी मी कधी केली नव्हती.

छप्पर राहिलं. मागच्या अंगणात एक ओक आडवा झाला, कुंपण घेऊन. पण काउंटी आपत्तीग्रस्त जाहीर झाली की बँक पुन्हा तपासणी मागते, आणि त्या आठवड्यात अख्ख्या मध्य फ्लोरिडात सगळ्यांनाच तपासनीस हवा होता. वादळ येऊ घातलं की विमा कंपन्या नव्या पॉलिसी थांबवतात, ते वेगळं. व्याजाचा दर धरून ठेवायची मुदत संपत आली, ती वाढवायचे ४०० डॉलर. कुंपण कुणी करायचं यावर चार दिवस निरोपानिरोपी. त्या तळ्याकाठच्या घराचं काय झालं ते बघायला हे एका रविवारी मुद्दाम गेले. लॉनच्या अर्ध्यापर्यंत पाणी होतं, धक्का दिसत नव्हता. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "उतरल की."

क्लोजिंग झालं ८ नोव्हेंबरला, टव्हेरीसमध्ये. एका थंडगार खोलीत तासभर सह्या. टायटल कंपनीच्या बाईंनी मालकीचा मागचा इतिहास आणि त्याचा विमा समजावला. आईंच्या सातबाऱ्याचं उत्तर मला तिथे मिळालं. इथे एक उतारा काढला की झालं असं नसतं. जुन्या नोंदी शोधणारी माणसं असतात आणि त्यांची चूक निघाली तर विमा असतो. आई सोबत आल्या होत्या, ठेवणीतली इरकल नेसून. सगळ्या सह्या झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझी कुठंय?" त्यांची लागत नव्हती. बाईंना मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी किल्ल्यांचं पाकीट आईंच्या हातात दिलं. मला सांगायला हवं की आईंना ते पुरेसं वाटलं नाही. गाडीत म्हणाल्या, "मोजायला घेतली, सहीला न्हाई." मी काही बोलले नाही. आठ दिवसांनी त्यांचा हयातीचा दाखला अटलांटाच्या भारतीय वकिलातीतून करून पाठवायचा होता, नाहीतर पेन्शन थांबते. तिथे त्यांनी तीनदा सही केली.

आमच्या वेळी निभावलं म्हणायचं. पुढच्या वर्षी १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ सरकारी कामकाज बंद होतं, तेव्हा नव्या कमिटमेंट निघतच नव्हत्या. लॅबमधली एक मुलगी त्यात सापडली. तिने कराराची मुदत दोनदा वाढवून घेतली, तिसऱ्यांदा विकणारा तयार झाला नाही.

जागा किती, हे आईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ०.३४ एकर. "साडेतेरा गुंठे," त्या म्हणाल्या, बोटंही न मोजता. मग काय काय लावायचं त्याची यादी. मी सांगितलं की कर्जाची अट आहे, जागेतून उत्पन्न काढायचं नाही. घरापुरतं लावायला हरकत नाही. शेती खात्याचं कर्ज आणि शेती करायची नाही, हे त्यांनी मला दोनदा वदवून घेतलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

पडलेल्या ओकच्या जागी त्यांनी शेवग्याची फांदी लावली, मंडळातल्याच एकांकडून आणलेली. जानेवारीत चार रात्री पारा शून्याच्या आसपास गेला. मी जुनी चादर घातली तरी शेंडा काळा पडला, मग खोडही. शेजारच्या म्हाताऱ्यांनी कुंपणावरून पाहिलं, म्हणाले, त्र्याऐंशीच्या थंडीत माझ्या वडिलांची सगळी संत्री अशीच गेली. आईंनी काय म्हणताहेत ते विचारलं, मी सांगितलं. त्यांनी सुरी आणली, काळं झालेलं सगळं छाटलं आणि बुंध्याशी राख टाकली. मार्चच्या पहिल्या तारखेच्या आत होमस्टेडचा अर्ज भरायचा होता, घरपट्टीत सूट मिळते त्याचा. तो भरून मी पोस्टाच्या पेटीत टाकायला गेले तेव्हा बुंध्यातून दोन हिरवे कोंब आलेले दिसले.